सतनामला अपयशी ठरवण्याआधी

उंच पोरगं दिसलं की सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव-रहिमतपूर पट्ट्यात त्याला दोनच गोष्टी विचारल्या जातात. तालमीत जातोस का? आणि भरतीची तयारी सुरू केलीस का? बास्केटबॉलचं नाव कुणी काढलंच, तर जाणती माणसं लगेच पंजाबच्या सतनामसिंगचा दाखला देतात. सात फूट दोन इंचांचा पोरगा, अमेरिकेत नेला, पेपरात फोटो आले, आणि पुढं काय? एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या मोठ्या बास्केटबॉल लीगमध्ये, एक मिनिट खेळला नाही. उत्तेजकांच्या चाचणीत सापडला. आता तिकडं टीव्हीवरच्या ठरवून केलेल्या कुस्त्या करतो. एवढ्या उंच माणसाचं हे झालं, तर आपल्या साडेपाच फुटी पोरांनी कशाला त्या नादाला लागायचं? आपला खेळ कुस्तीचा, कबड्डीचा, फार तर धावण्याचा. तेवढं करावं आणि नोकरीला लागावं.

हे मी शाळांमध्ये ऐकलंय, पालकांच्या बैठकीत ऐकलंय, एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर ऐकलंय. बोलणारी माणसं वाईट नसतात, त्यांना मुलांची काळजी असते. म्हणूनच त्यांच्याशी भांडणं गरजेचं वाटतं. काळजीपोटी केलेली चुकीची गोष्ट कुणी तपासून बघत नाही आणि ती पिढ्यान्‌पिढ्या चालू राहते. सतनामच्या आयुष्यातून आपल्याकडं जो धडा काढला जातो तो मला साफ चुकीचा वाटतो. त्याच्या आयुष्यातून जे शिकायला हवं ते मात्र आपण बघितलंच नाही.

आधी त्याची गोष्ट नीट सांगायला हवी, कारण दाखला देणाऱ्यांना तिचा शेवट पाठ असतो आणि सुरुवात माहीत नसते. सतनामसिंग भामरा १० डिसेंबर १९९५ ला बल्लो के या गावात जन्मला. पंजाबच्या बर्नाला जिल्ह्यातलं हे शेतकऱ्यांचं छोटं गाव. वडील बलबीरसिंग शेतकरी, पिठाची गिरणी चालवणारे, स्वतः सात फुटांवर उंच. तरुणपणी त्यांनाही बास्केटबॉल खेळायला लोकांनी सुचवलं होतं, पण घरच्यांनी शेती सोडू दिली नाही. पोरगा वाढायला लागला तेव्हा बलबीरसिंगांनी आपल्यावर झालेली गोष्ट त्याच्यावर होऊ दिली नाही. त्यांनी त्याला लुधियानाच्या बास्केटबॉल अकादमीत नेऊन सोडलं. आपल्याकडं पोराला पहिलवान करायचं ठरलं की बाप त्याला कोल्हापूरच्या तालमीत ठेवून येतो, खुराकासाठी दूध-बदामाचा खर्च डोक्यावर घेतो. बलबीरसिंगांनी नेमकं तेच केलं. तालमीऐवजी बोर्ड आणि रिंग होती, एवढाच फरक.

लुधियानाच्या अकादमीत त्याला डॉ. शंकरन सुब्रमण्यन यांच्यासारखा प्रशिक्षक भेटला. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत आयुष्य घातलेला हा माणूस उतारवयात गावोगावची पोरं घेऊन बसला होता. सप्टेंबर २०१० मध्ये आयएमजी-रिलायन्सच्या शिष्यवृत्तीवर देशातली चार मुलं आणि चार मुली फ्लोरिडातल्या ब्रॅडेंटनच्या आयएमजी अकादमीत गेली. त्यांत सतनाम होता. वय १४, इंग्रजी येत नाही, घर हजारो मैल लांब. पुढची जवळपास पाच वर्षं तो तिथं राहिला, भाषा शिकला, शाळा पुरी केली, खेळला. २५ जून २०१५ ला ब्रुकलिनमध्ये झालेल्या एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, डॅलस मॅव्हरिक्सनं त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडलं. भारतात जन्मलेला, एनबीएनं निवडलेला तो पहिला खेळाडू. तेव्हा त्याचं वय १९ होतं.

आता पहिला आरोप. एनबीएत एक मिनिट खेळला नाही. खरं आहे. पण ५२ वा क्रमांक म्हणजे काय, हे आरोप करणाऱ्यांपैकी कितीजणांनी पाहिलंय? ड्राफ्टमध्ये दोन फेऱ्या होतात, एकूण ६० खेळाडू निवडले जातात. पहिल्या फेरीतल्यांना करार पक्का मिळतो, दुसऱ्या फेरीतल्यांना तशी हमी नसते. ३० संघ, प्रत्येकी १५ जागा, म्हणजे सगळ्या जगातून घेतलेली ४५० माणसं, आणि त्यांतली बहुतेक आधीच जागेवर बसलेली. दुसऱ्या फेरीच्या अखेरीस निवडलेल्या कित्येकांना त्या लीगमध्ये कधीच पाय ठेवायला मिळत नाही. त्यांच्या देशात त्यांना कुणी वाया गेलेला म्हणत नाही.

यावर कुणी म्हणेल, आयझया थॉमस २०११ मध्ये ६० वा, म्हणजे अगदी शेवटचा निवडला गेला होता, तरी तो तारा झालाच की. झाला. जेमतेम पाच फूट नऊ इंचांचा तो माणूस २०१६-१७ च्या हंगामात बोस्टनसाठी सामन्यामागं सरासरी २८.९ गुण काढत होता. पण ड्राफ्टमध्ये येण्याआधी तो वॉशिंग्टन विद्यापीठाकडून तीन हंगाम खेळला होता. भरलेल्या हॉलमध्ये, तोडीस तोड पोरांविरुद्ध, आठवड्याला सामने. सतनामच्या वाट्याला कॉलेजचा एकही सामना आला नाही. २००५ नंतर कॉलेज किंवा परदेशी व्यावसायिक लीग न खेळता थेट शाळेतून निवडला गेलेला तो पहिलाच होता. निवड झाल्यावर दोन हंगाम तो टेक्सास लेजेंड्स या दुय्यम लीगच्या संघात बसला आणि तिथं त्याला मिनिटं फार थोडी मिळाली. बाकावर बसून कुणी खेळ शिकत नाही. सरावात शिकलेला डाव अंगात मुरायला मैदानच लागतं, हे सातारा जिल्ह्यातल्या कुठल्याही वस्तादाला विचारा.

आणि साताऱ्याचं नाव निघालंच आहे तर आपल्या घरातलीच गोष्ट सांगतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ ला लंडन ऑलिंपिकला गेले. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाची सोय केली म्हणून गेले. लाल मातीत वाढलेला पहिलवान तिथं मॅटवर उतरला. नियम वेगळे, पकडी वेगळ्या, गुण मोजण्याची रीत वेगळी. रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकानं त्यांना थोडे दिवस शिकवलं. खाशाबा फ्लायवेट गटात सहावे आले. आपण १९४८ वरच त्यांची गोष्ट संपवली असती तर काय म्हणालो असतो? विलायतेला गेला, पदक नाही, मातीतल्या माणसानं मॅटच्या नादी कशाला लागायचं. हेच म्हणालो असतो.

ती गोष्ट तिथं संपली नाही, कारण काही माणसांनी ती संपू दिली नाही. चार वर्षं खाशाबांनी मॅटचा सराव केला. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गावकऱ्यांनी दिले, मित्रांनी दिले. खाशाबा बँटमवेटचं ब्राँझ घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. लंडनचा सहावा क्रमांक आणि हेलसिंकीचं ब्राँझ यांच्यामध्ये चार वर्षं, एक मॅट आणि एक गहाण पडलेलं घर आहे. सतनामच्या बाबतीत २०१५ हे लंडन होतं. पुढची चार वर्षं त्याच्या वाट्याला कशी आली ते बघा. दोन हंगाम अमेरिकेत बाकावर. मग भारतात परत, राष्ट्रीय संघाकडून काही सामने. युनायटेड बास्केटबॉल अलायन्सची लीग २०१५ ला सुरू झाली होती, ती २०१७ नंतर बंद पडली. मग २०१८-१९ ला कॅनडातल्या सेंट जॉन्स एज या संघात एक हंगाम. घराजवळ वर्षभर चालणारी, पगार देणारी लीग त्याला मिळालीच नाही. खेळाडूनं चार वर्षं खेळायचं कुठं, हा प्रश्न देशाच्या बास्केटबॉलला विचारायचा असतो. आपण तो विशीतल्या एका पोराला विचारला आणि त्यालाच नापास केलं.

दुसरं म्हणणं, हा आपला खेळ नाही. हे ऐकलं की मला माण तालुका आठवतो. मोही गावची ललिता बाबर शाळेत खो-खो खेळायची. पुढं ती पळायला लागली आणि शेवटी स्टीपलचेस या प्रकाराकडं वळली. त्या शर्यतीत प्रत्येक फेरीला पाण्याच्या खड्ड्यावरून उडी मारावी लागते. पावसाच्या थेंबाला तरसणाऱ्या माणच्या मुलीनं ते शिकून घेतलं आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत ती दहावी आली. पदक नाही. पी. टी. उषानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय स्त्री होती. जिल्ह्यानं तिला डोक्यावर घेतलं आणि ते बरोबरच केलं. मग दहाव्या क्रमांकाचा अभिमान बाळगणारा हाच जिल्हा ५२ व्या क्रमांकावर का हसतो? स्टीपलचेस तरी कुठं आपला होता?

साताऱ्याची अदिती स्वामी हे त्याहून ताजं उदाहरण आहे. २०२३ ला बर्लिनमध्ये १७ वर्षांची ही मुलगी कंपाऊंड तिरंदाजीत जगज्जेती झाली. तिच्या हातातलं ते कप्प्या-तारांचं महागडं धनुष्य आपल्या कुठल्या जत्रेत होतं? प्रवीण सावंत या प्रशिक्षकानं साताऱ्यात शिकवायला सुरुवात केली आणि तिच्या शिक्षक वडिलांनी ओढाताण करून खर्च उचलला, म्हणून ते धनुष्य आपलं झालं. नागपूरचा ओजस देवतळेही याच प्रशिक्षकाकडं सरावाला आला आणि त्याच वर्षी बर्लिनमध्येच पुरुषांचा जगज्जेता ठरला. शिकवणारा एक माणूस गावात टिकून राहिला की कुठलाही खेळ त्या गावचा होतो. मातीचा, रक्ताचा आणि परंपरेचा त्यात फार थोडा भाग असतो.

बास्केटबॉल विलायती आहे, हे तर अर्धवट माहितीचं बोलणं आहे. १८९१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ या शिक्षकानं हा खेळ शोधला. थंडीत बाहेर जाता येत नव्हतं आणि बंद हॉलमध्ये मुलांना गुंतवायचं होतं, म्हणून सज्जाला पीचच्या टोपल्या ठोकल्या आणि तेरा नियम लिहिले. वायएमसीएच्या शाखांमधून तो भारतात आला. मद्रासच्या वायएमसीए शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून तयार झालेल्या शिक्षकांनी तो शाळांमध्ये नेला. १९३४ ला भारतात पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. नव्वद वर्षांहून जास्त काळ झाला त्याला. आपल्या महाराष्ट्रात मुंबईच्या नागपाड्यातल्या दाटीच्या वस्तीत या खेळानं घर केलं. मस्तान तलावाचं मैदान, नागपाडा नेबरहूड हाऊसचं कोर्ट. कामगारांच्या आणि छोट्या दुकानदारांच्या पोरांनी तिथून भारतीय संघात मजल मारली. अब्बास मुंतसिर त्याच गल्ल्यांतले. ते देशाचे कर्णधार झाले आणि १९७० ला त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. ज्यांना हा श्रीमंतांच्या इंग्रजी शाळांचा खेळ वाटतो त्यांनी एकदा नागपाड्यात जाऊन संध्याकाळी उभं राहावं.

उंचीचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही, कारण तो खरा आहे. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर असते आणि उंच माणूस तिच्या जवळ असतो. सतनामचं २१८ सेंटिमीटरचं शरीर कुठल्याही सरावानं घडत नाही. पण मैदानावर पाच माणसं लागतात आणि पाचही सात फुटी असून चालत नाही. चेंडू पुढं नेणारा, जागा ओळखणारा, लांबून अचूक टाकणारा खेळाडू लागतोच. मग्सी बोग्स हा पाच फूट तीन इंचांचा माणूस एनबीएत १४ हंगाम टिकला. म्हणजे १६० सेंटिमीटर. आपल्याकडं पोलीस भरतीला मुलांसाठी १६५ सेंटिमीटरची अट आहे. तालुक्यातला जो पोरगा पहाटे उठून रस्त्यानं पळतो आणि भरतीच्या मोजपट्टीखाली छाती काढून उभा राहतो, त्याच्यापेक्षा बोग्स बुटका होता. हा पोरगा एनबीएला जाईल असं मी म्हणत नाही. तो शाळेच्या, जिल्ह्याच्या, विद्यापीठाच्या संघात खेळू शकतो, एवढंच म्हणतो, आणि तेवढ्यानंही त्याच्या आयुष्यात खूप फरक पडतो.

उंची असो वा नसो, संघ म्हणून खेळणारे काय करू शकतात ते जुलै २०१४ मध्ये चीनच्या वुहान शहरात दिसलं. आशिया चषकात भारतानं चीनला ६५-५८ असं हरवलं. चीनच्या घरी. चीनचा बास्केटबॉल आशियात कुठल्या जागी होता आणि आपण कुठं होतो, हे ज्याला माहीत आहे त्याला त्या आकड्यांचं मोल कळेल. त्याच स्पर्धेत अमृतपालसिंग आणि अमज्योतसिंग यांना डोक्यावरची पगडी उतरवायला लावली होती. नंतर त्याविरुद्ध इतका आवाज उठला की २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाला नियम बदलावा लागला. आपल्या वर्तमानपत्रांत त्या विजयाला किती जागा मिळाली असेल याची कल्पना वाचकांना असेलच.

उत्तेजकांच्या प्रकरणावर मी काही झाकणार नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये घेतलेल्या नमुन्यात हायजेनामाइन हे बंदी असलेलं द्रव्य सापडलं. आपण जाणूनबुजून काही घेतलं नाही असं सतनामचं म्हणणं होतं. डिसेंबर २०२० मध्ये त्याला दोन वर्षांची बंदी झाली. खेळाडूच्या शरीरात जे सापडतं त्याची जबाबदारी खेळाडूची, हा नियम कडक आहे आणि तो तसाच असायला हवा. सतनाम त्याला जबाबदार आहे. व्यावसायिक खेळाडूनं पोटात जाणाऱ्या प्रत्येक पुडीचा हिशेब ठेवला पाहिजे आणि तो त्यानं ठेवला नाही.

पण यावरून बास्केटबॉल सोडा असं सांगणाऱ्यांना मी एकच गोष्ट विचारतो. नरसिंग यादव तीनदा महाराष्ट्र केसरी झाला. २०१६ ला रिओच्या तोंडावर चाचणीत सापडला. आपल्याविरुद्ध घातपात झाला असं त्यानं सांगितलं, पण क्रीडा लवादानं त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली. त्यानंतर सातारा-सांगलीतल्या कुठल्या तालमीला कुलूप लागलं? कुठल्या बापानं पोराचा लंगोट काढून घेतला? कुणीच नाही, आणि ते योग्यच झालं. एका पहिलवानाच्या चुकीनं कुस्ती डागाळत नाही असं आपण मनापासून मानतो. मग एका सतनामच्या चुकीनं बास्केटबॉल कसा डागाळतो? उत्तेजकांत सापडणाऱ्यांच्या जागतिक अहवालांत भारत अलीकडं वरच्या जागी दिसतो, आणि त्यात धावपटू, वजन उचलणारे आणि पहिलवान मोठ्या संख्येनं आहेत. ज्यांना खरंच काळजी आहे त्यांनी गावातल्या जिममध्ये विकली जाणारी प्रोटीनची डबडी बघावीत. भरतीआधी पोरं काय टोचून घेतात, कुणाच्या सांगण्यावरून घेतात, याची चौकशी करावी. तिथं कुठलाही प्रशिक्षक नसतो, कुठलीही चाचणी नसते. सतनाम निदान चाचणीच्या कक्षेत तरी होता.

राहिला टीव्हीवरच्या कुस्तीचा प्रश्न. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एईडब्ल्यू कंपनीशी त्यानं करार केला आणि २०२२ पासून तो त्यांच्या कार्यक्रमांत उतरला. आमच्या भागात लोकांना हे सगळ्यात जास्त बोचतं. खऱ्या कुस्तीच्या मुलखात ठरवून केलेल्या कुस्तीला मान नाही, आणि मलाही ती बघवत नाही. तरी २६ वर्षांच्या, बंदीतून बाहेर आलेल्या, शेतकऱ्याच्या घरातल्या माणसानं आपल्या शरीराच्या जोरावर प्रामाणिक रोजगार मिळवला, याची लाज त्यानं का बाळगावी? आपल्याकडं हिंद केसरीच्या दारात गेलेले पहिलवान उतारवयात कशा हालअपेष्टांत जगले हे आपण बघितलंय, त्यांच्यावर हळहळणारे लेख वाचलेत. जो पोरगा हात पसरायला आला नाही त्याला मात्र आपण नावं ठेवतो.

वारसा म्हणून बघायचं तर तो एका माणसाच्या गुणफलकात शोधायचा नसतो. लुधियानाच्या त्याच अकादमीतून अमृतपालसिंग आला. तो आधी कबड्डी खेळायचा, बास्केटबॉलला बऱ्याच उशिरा लागला आणि २०१७ ला ऑस्ट्रेलियाच्या सिडनी किंग्ज संघात खेळला. पालप्रीतसिंग ब्रार २०१६ ला अमेरिकेच्या दुय्यम लीगमध्ये निवडला गेला. पुढच्या वर्षी अमज्योतसिंग निवडला गेला आणि खेळलाही. गुरदासपूर जिल्ह्यातला प्रिन्सपालसिंग लुधियानातून दिल्लीजवळच्या एनबीए अकादमीत गेला, ती अकादमी २०१७ ला सुरू झाली होती. तिथून तो अमेरिकेच्या त्याच दुय्यम लीगमधल्या जी लीग इग्नाइट संघात पोहोचला, आणि २०२१ ला समर लीग जिंकणाऱ्या सॅक्रामेंटो किंग्जच्या चमूत होता. त्या सॅक्रामेंटो किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईचे. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांचा संघ इंडियाना पेसर्सविरुद्ध वरळीच्या एनएससीआय डोममध्ये खेळला, भारतात झालेले एनबीएचे पहिले सामने. पहिल्या सामन्याला हजारो शाळकरी मुलं बसवली होती. हे सगळं एकट्या सतनाममुळं झालं असं कुणी म्हणणार नाही. पण बल्लो केच्या पोराला दार उघडलं, म्हणून त्याच्यामागच्यांनी दारावर हात मारायचं धाडस केलं, एवढं तर मान्य करायलाच हवं.

आणि मुली? सतनामच्या गोष्टीत त्या कुणालाच आठवत नाहीत, हे मला राहून राहून खटकतं. २०१० च्या त्या आठ जणांत चार मुली होत्या, त्यांची नावं आपल्यापैकी कुणाला सांगता येतील? चेन्नईची अनिता पॉलदुराई तब्बल १८ वर्षं भारतीय संघात खेळली, आई झाल्यावर परत मैदानात उतरली, आणि २०२१ ला तिला पद्मश्री मिळाली. पुण्याच्या शिरीन लिमयेनं भारताचं कर्णधारपद सांभाळलं. पुणे कोरेगावपासून काही तासांवर आहे. रेल्वे, सेनादल, ओएनजीसी यांचे संघ आहेत, त्यांत नोकरी मिळते. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. दहावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत. खेळून पोट भरत नाही हे म्हणणं कुस्तीला जेवढं लागू आहे तेवढंच बास्केटबॉलला लागू आहे. कबड्डीलाही २०१४ ला प्रो कबड्डी येईपर्यंत तेच लागू होतं.

तेव्हा सतनामचा दाखला द्यायचाच असेल तर पूर्ण द्या. वडिलांनी गावाबाहेर काढला, एका अकादमीनं उभा केला, शिष्यवृत्तीनं परदेशी नेला, आणि त्याच्या पुढं देशात काहीच नव्हतं. यातली पहिली पायरी कोरेगावला आजही बांधता येते. त्याला फ्लोरिडा लागत नाही. बास्केटबॉलचं पूर्ण मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असतं. म्हणजे ४२० चौरस मीटर, चार गुंठ्यांहून जरासं जास्त. आमच्याकडं एवढ्या तुकड्यात माणसं आलं लावतात. तालुक्याच्या ठिकाणी क्रीडा संकुल असावं हे राज्याचं धोरण आहे, शाळांची मैदानं आहेत, गावोगावी पटांगणं आहेत. अर्ध्या मैदानावर तीन-तीन जणांचाही खेळ होतो आणि तो आता ऑलिंपिकमध्येही आहे. दोन गुंठे पुरतात.

करायचं काय ते स्पष्टच सांगतो. मोठ्या माणसांची ३.०५ मीटरची रिंग सहावीतल्या पोराच्या डोक्यावर टांगू नका. त्या उंचीला चेंडू पोचवता पोचवता मुलांचा हात वाकडा पडतो आणि आठवड्यात ती खेळ सोडतात. बारा वर्षांखालच्यांसाठी मिनी बास्केटबॉल असतो, त्याची रिंग २.६० मीटरवर लावायची आणि पाच नंबरचा लहान चेंडू द्यायचा. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेआधी पंधरा दिवस संघ जमवून गाडीत घालायची पद्धत बंद करा. जिल्हा संघटनेकडून एक प्रशिक्षक मागा, त्याला वर्षाचं मानधन ठरवून द्या, आणि यात्रेच्या मैदानाला जशी वर्गणी निघते तशी त्या मानधनाची वर्गणी काढा. उंच पोराबरोबर पळणारं, चपळ, बुटकं पोरगंही बोलवा. मैदान शाळा सुटल्यावर कुलूपबंद करू नका, आणि अंधार पडल्यावर मुलींनाही तिथं थांबता यावं म्हणून दोन दिवे आणि एक जबाबदार बाई, एवढी सोय पहिल्या दिवसापासून ठेवा.